बाबांची मारुती, वीस टक्के इथेनॉल आणि आंबोलीचा घाट

निघण्याआधी

बाबांची मारुती ८०० दीड वर्ष पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. १९९७ ची गाडी. पांढरी, चार गिअरची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या गाड्यांतला भाग), डाव्या दाराला आईनं कधीतरी तुळशीची कुंडी घासली त्याचा ओरखडा अजून आहे. बाबा आता ७८ चे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून स्वतः चालवत नाहीत, पण गाडी विकायचा विषय निघाला की दोन दिवस घरात अबोला. दिवाळी झाली आणि त्यांनी धोशा लावला, एकदा सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाचं दर्शन घेऊ, वाटेत वाळव्याला तुझ्या मामाकडे राहू, आणि जायचं ते याच गाडीनं.

मला गाडीची भीती नव्हती, पेट्रोलची होती. गाडी उभी केली तेव्हा आणि आता, यात पंपावरचं पेट्रोल बदललं होतं. आता नळीतून येतं ते वीस टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-ट्वेंटी. साध्या पेट्रोलात दुसरं मागायची सोय नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग ई-ट्वेंटी सोसतील असे बनवलेले आहेत. १९९७ च्या गाडीच्या पुस्तिकेत इथेनॉल हा शब्दसुद्धा नाही.

आधी टाकी रिकामी केली. पाचेक लिटर निघालं, रंग कोऱ्या चहाचा आणि वास रंगाच्या दुकानातला. एका पारदर्शक बरणीत थोडं ठेवून दिलं तर सकाळी तळाला बोटभर वेगळाच थर. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पेट्रोलमध्ये ते पाणी काही प्रमाणात विरघळून राहतं, पण एका मर्यादेपलीकडे इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. दोन पावसाळे अर्धवट भरलेल्या टाकीत काढल्यावर दुसरं काय होणार. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते.

मग पुण्यातली नाना पेठ. फिल्टर, पेट्रोलचा रबरी पाइप, कार्बोरेटरचं किट. दुकानदारानं गाडीचं साल विचारलं आणि न मागता म्हणाला, "फिल्टर एक नको, तीन न्या." मला वाटलं, धंदा करतोय. पाइपच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरला, साधा नायट्राइल रबराचा नको, आतून व्हायटॉनचा, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा हवा. त्यानं वरच्या फळीवरून धूळ झटकून काढला. साध्याच्या कितीतरी पट महाग. दोन मीटर घेतला.

दिवस पहिला : पुणे ते वाळवा

जानेवारीचा दुसरा आठवडा. पहाटे सहाला कात्रजला टाकी फुल्ल केली. बाबांनी खणातून डायरी काढली. ही डायरी म्हणजे आमच्या घरातला शिलालेख. १९९७ पासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, त्या दिवशीचे किलोमीटर, दिलेले पैसे आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या दहाव्याला, हेही कडेला बारीक अक्षरात. डोळ्यांमुळे आता आकडे मोठे झालेत एवढंच.

खेड शिवापूर, शिरवळ, सगळं सुरळीत. ऐंशीच्या वर मी नेत नव्हतो आणि बाबा सत्तरच्या वर गेलो की काट्याकडे बघत होते. खंबाटकी लागला. दुसऱ्या वळणापर्यंत ठीक होतं, तिसऱ्याला गाडीनं धाप टाकायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबावा तर पुढं जायच्या ऐवजी मागून कुणीतरी ओढल्यासारखी. पाय सोडला की सावरते, परत दाबला की आचके. मागे कंटेनर, त्याचा हॉर्न. दुसऱ्या गिअरवर रडतखडत एका रुंद जागेला लावली.

"पेट्रोल येत नाही," बाबा खिडकीतूनच म्हणाले. निदान अचूक.

बॉनेट उघडलं. फिल्टर ही त्या गाडीत फार साधी वस्तू आहे, आगपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी, आत घडीचा कागद. आदल्या दिवशी बसवला तेव्हा कागद पांढराशुभ्र होता. आता फिल्टर कॉफीच्या गाळात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. क्लिपा सैल केल्या, बोटांवर पेट्रोल आलं, गार. नवा फिल्टर बसवला, बाण इंजिनाच्या दिशेला आहे ना ते दोनदा पाहिलं. दहा मिनिटांचं काम. गाडी सुरू झाली आणि घाट तिसऱ्या गिअरवर चढली.

ही घाण नव्या पेट्रोलमधली नव्हती. ती टाकीतली, अठ्ठावीस वर्षांची. रोज तळणाच्या कढईला बाहेरून किटण बसतं, ते साध्या पाण्यानं निघत नाही पण सोडा घातला की सुटतं, तसं. इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. टाकीच्या आणि नळ्यांच्या भिंतींवर चिकटलेला राप ते धुऊन काढतं आणि पुढं पाठवतं. म्हणजे जुन्या गाडीत इथेनॉल आधी सफाई कामगार म्हणून येतं, आणि सगळा कचरा आणून दारात टाकतं. नाना पेठेतल्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली.

बाबांनी तो घाण फिल्टर फेकू दिला नाही. चिवड्याच्या रिकाम्या पिशवीत घालून गाठ मारून ठेवला. पुरावा.

पेठ नाक्याला टाकी पुन्हा फुल्ल. कात्रजपासून १८६ किलोमीटर, ११.२ लिटर. बाबांनी भागाकार कागदावर केला, मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. १६.६. मग डायरीची मागची पानं उलटून २०१९ ची याच रस्त्याची नोंद काढली. १७.९. तेव्हा पेट्रोलात इथेनॉल पाचेक टक्के होतं.

"सव्वा किलोमीटर खाल्लं," ते म्हणाले. कुणी, ते सांगितलं नाही.

हिशोब खरं तर सरळ आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, पाच टक्केवाल्याशी तुलना केली तर पाच टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही इथेनॉलशिवायच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के फटका बसेल असं लिहिलेलं आहे. आमचा फटका सातच्या थोडा वर गेला होता. वरचे दोन टक्के घाटातल्या आचक्यांचे धरले तरी मला आणखी एक शंका होती, ती कोल्हापुरात फिटायची होती.

दिवस दुसरा : मामाचा मळा

इस्लामपूर (कागदोपत्री आता ईश्वरपूर) मागे टाकून आत शिरलं की जानेवारीत दुसरं काही दिसत नाही, ऊस आणि ऊस वाहणारी वाहनं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, गाणी इतक्या मोठ्यानं की मागून हॉर्न दिलेला ऐकू जात नाही, आणि अंधार पडला की ट्रॉलीच्या मागे दिवा नाही. रात्री या रस्त्यांवर गाडी चालवू नये, हा इथेनॉलपेक्षा मोठा धोका आहे.

सकाळी सात वाजता पारा दहा-बाराच्या आसपास असावा. गाडी सुरू होईना. चोक पूर्ण ओढला, पाच-सहा वेळा स्टार्टर फिरवला तेव्हा एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, तिसऱ्यानं बराच भाव खाल्ला. इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा कसं गार वाटतं? स्पिरिट उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. कार्बोरेटरमध्ये हेच होतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि थंड इंजिनाकडे द्यायला ती नसते. पूर्वी अर्धा चोक पुरायचा आणि मिनिटभरात आत ढकलता यायचा. त्या दिवशी तीन मिनिटं ओढून ठेवावा लागला.

मामा गोठ्याकडून येत होता. "काय दाजी, माझा ऊस पचंना व्हय गाडीला?"

बाबांना उत्तर सुचलं नाही, जे फार क्वचित होतं.

मामेभावानं अंगणात एक प्रयोग करून दाखवला. फवारणीचं औषध मोजायचं उभं माप, शंभर मिलीचं. पन्नास मिली पेट्रोल, वर पन्नास मिली पाणी. तोंड बंद करून हलवलं आणि कट्ट्यावर ठेवलं. (चुलीपासून लांब, आणि मामाची बिडी आधी विझवून.) दोन मिनिटांत दोन थर झाले, वर पिवळसर पेट्रोल, खाली पाणी. पण खालची रेघ पन्नासवर नव्हती, साठच्या जरा खाली होती. पेट्रोलमधलं दहा मिली इथेनॉल पाण्यानं आपल्याकडे ओढून घेतलं होतं. बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि चष्मा वर करून रेघ वाचली. पेट्रोलात पाणी घालतात, असं ते वर्षभर म्हणत होते. आता पाणी घातल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलं. मत बदललं असं नाही, पण त्या दिवशी ते वाक्य पुन्हा ऐकलं नाही.

दुपारी भाचेजावयाबरोबर कारखान्यावर. तो तिथल्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, आम्हाला आत सोडलं हेच खूप. वास अर्धा किलोमीटर आधीपासून येतो, कुजलेला गूळ आणि ताडी यांच्या मधला. साखर काढून उरते ती मळी. तिसऱ्यांदा साखर काढल्यावरची मळी सी हेवी, त्यातून टनभर उसामागे जेमतेम दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळतं. साखर थोडी आधीच सोडून दिली तर बी हेवी, त्यातून जास्त. आणि साखर न करता थेट रसच आंबवला तर टनाला सत्तरेक लिटर. म्हणजे किती साखर आणि किती इथेनॉल, हा नळ कारखान्याच्या हातात आहे, आणि कारखान्याचा हात दिल्लीच्या. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून रसापासून इथेनॉल करण्यावर एका रात्रीत बंधन आलं होतं. यंत्रं बसवून तयार असलेल्यांचं त्या हंगामात काय झालं ते त्यानं सांगितलं, ते इथे नको.

मला सगळ्यात आवडले ते मण्यांचे उभे पिंप. साध्या ऊर्ध्वपातनानं इथेनॉल पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढं जात नाही, शेवटचं पाणी सोडतच नाही. पेट्रोलात घालायला ते साडेनव्याण्णवच्या वर लागतं. म्हणून ती वाफ एका खास मण्यांच्या थरातून नेतात. मण्यांची भोकं एवढी बारीक की पाण्याचा रेणू आत अडकतो, इथेनॉलचा मोठा असल्यानं मावत नाही, तो पुढं जातो. एवढा खटाटोप करून पाणी काढायचं आणि मग ते आमच्या पार्किंगमध्ये दीड वर्ष उभं राहून परत पाणी पिणार.

संध्याकाळी मामाचं म्हणणं ऐकलं. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) क्विंटलला ३५५ रुपये, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. साखर पडून राहिली की बिल लांबतं, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून वेळेवर येतात, म्हणून त्याला इथेनॉल हवंय. पण त्याची खरी तक्रार दुसरीच निघाली. "लोकं म्हणत्यात ऊसवाल्यांचं पेट्रोल. अरं, आता मका पुढं गेलाय." खरं आहे. देशात आता सगळ्यात जास्त इथेनॉल मक्यापासून होतं. २०२५-२६ च्या वाटपात उसाच्या वाट्याला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आलं. मक्याच्या इथेनॉलला लिटरला जवळपास ७२ रुपये भाव, मळीच्याला साठच्या आतबाहेर. मामा बोलत होता आणि बाबा डायरीच्या शेवटच्या पानावर हे आकडे उतरवून घेत होते.

दिवस तिसरा : मिरज आणि उद्यमनगर

वाळव्याहून कोल्हापूर सरळ जवळ पडतं, पण मिरजेची वाट मी धरली. बाबांना सांगितलं की इथेनॉल घातलेल्या पेट्रोलचा पहिला प्रयोग २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी झाला, त्यातली दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड, तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. त्यांना पटेना. "दोन हजार एकला मी मिरजेत पेट्रोल भरलंय." डायरी काढली. भरलं होतं, एका लग्नाला. ॲव्हरेज १८.४. त्या टाकीत इथेनॉल होतं की नव्हतं ते आता कळायचा मार्ग नाही, पण बाबा त्या नोंदीकडे बराच वेळ बघत राहिले. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के सुरू झालं, दहा टक्के गाठायला जून २०२२ उजाडलं. आणि दहाचे वीस व्हायला तीन वर्षं. वीस टक्क्यांचं मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे आणलं. जुन्या गाडीवाल्यांची चिडचिड इथेनॉलवर आहे असं मला वाटत नाही. ती या शेवटच्या तीन वर्षांच्या घाईवर आहे. जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल पंपावर ठेवा, असं नीती आयोगाच्या त्या आराखड्यातच सुचवलं होतं, ते कुठं दिसत नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

जयसिंगपूरला भडंग घेतलं आणि दुपारी शिवाजी उद्यमनगरात पोचलो. एका गल्लीत, ज्या दुकानाला पाटीच नाही असे एक मिस्त्री आहेत, कार्बोरेटरचं काम करणारे आता थोडेच उरलेत त्यांतले. बाबांनी आधी चिवड्याची पिशवी उघडून फिल्टर दाखवला. मिस्त्रींनी तो उजेडात धरला, हसले. "ह्यो गेला तर गेला, पाव्हणं. प्लग दावा."

तीन प्लग काढले. टोकं पांढरट, खडूसारखी. माझी शंका हीच होती. पूर्ण जळायला पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊच पट, कारण त्याच्याकडे स्वतःचा ऑक्सिजन आहे. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर सेन्सर असतो, तो संगणकाला कळवतो आणि संगणक इंधन वाढवतो. कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो १९९७ मध्ये ठरवून दिलेल्या भोकातून ठरलेलंच सोडतो. मग मिश्रण पातळ होतं, हवा जास्त आणि इंधन कमी. गाडी तापते, दम खाते, आणि चालवणारा पाय आणखी दाबतो. घटलेल्या ॲव्हरेजमधला काही वाटा या दाबलेल्या पायाचा.

मिस्त्रींकडे पानाच्या जुन्या डब्यात जेट होते, म्हणजे ज्यांच्या भोकातून कार्बोरेटर पेट्रोल सोडतो ते तुकडे, पितळेचे, तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढे. आमचा मुख्य जेट काढून त्यांनी डोळ्याला लावला आणि खिडकीकडे बघितलं, मग मला बघायला दिला. मधोमध सुईच्या टोकाएवढा उजेड. कडेला कोरलेला आकडा भिंगातून वाचावा लागला. त्याहून एक नंबर मोठा शोधायला पंधरा मिनिटं गेली.

"भोक मोठं करून देत नाही का?" मी विचारलं.

"सुईनं भोक पाडणारं लई हायती. नंतर माझ्याकडंच येत्यात."

जेट बसला, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा बदलला (जुना बोटांत घेतल्यावर ताठ झालेला कळत होता), गाडी उभ्या जागी चालू असतानाचा (आयडलिंगचा) स्क्रू कान लावून जुळवला, आणि डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग पुढं घेतलं, म्हणजे ठिणगी जरा आधी पडेल असं केलं. ई-ट्वेंटीचं ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेट घेऊ नये याचं माप) ९५, आधीच्या साध्या पेट्रोलचं ९१. या वाढीचं मोठं कौतुक चालतं, पण ३७ बीएचपीच्या इंजिनाला ते म्हणजे आजोबांना पैलवानाचा खुराक. टायमिंग थोडं पुढं घेता येतं, एवढाच काय तो फायदा पदरात पडतो. गाडीचा आवाज मात्र बदलला. बाबांनी डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली.

रात्री कोल्हापुरात. तांबडा-पांढरा झाला, त्यावर लिहिण्यासारखं नवीन काही नाही.

दिवस चौथा : आंबोली उतरून आरवली

टाकी फुल्ल करून निपाणी, आजरा, आंबोली. सकाळी चोक अर्ध्यावर भागला. आजऱ्यापर्यंतच्या चढउतारांत गाडी इतकी मोकळी धावली की बाबांनी सत्तरचा नियम स्वतःहून पंच्याहत्तर केला. आंबोलीला धुकं नव्हतं, धबधबा आटलेला, माकडं मात्र पूर्ण संख्येनं हजर. घाट उतरताना काही घडलं नाही, उतारावर कुठलीही गाडी चांगलीच असते. सावंतवाडीला मोती तलावाकाठी चहा, मग शिरोड्याच्या अलीकडे पेट्रोल. १७४ किलोमीटर, १०.१ लिटर, १७.२. बाबांनी आकड्याखाली रेघ मारली. मी लक्षात आणून दिलं की यात घाट नुसता उतारच होता. "परत येताना चढू," ते म्हणाले, पण रेघ खोडली नाही.

दिवस पाचवा : आरवली

सकाळी अंगणात आलो तर पेट्रोलचा वास. गाडीखाली ओल नव्हती, पण बॉनेट उघडल्यावर वास नाकात शिरला. गाडीतल्या पेट्रोल पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा वीतभर पाइप पुण्यात बदलायचा राहिला होता. दिसायला चांगला होता म्हणून राहू दिला होता. आता बोटांनी दाबला तर कडेला फुगून मऊ झालेला, जुन्या खोडरबरासारखा चिकट, आणि क्लिपेच्या मागे केसाएवढ्या चिरा. एका चिरेतून थेंब येत होता. त्याच्या खाली एका वितीवर सायलेन्सरचा तापणारा भाग.

या सगळ्या प्रवासात मला घाम फुटला तो इथे. खंबाटकीत गाडी बंद पडली तर फार तर रस्त्यात उभे राहिलो असतो. हा पाइप घाटात सुटला असता तर. सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला होता की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केटं वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतील, काम स्वस्तातलं आहे. स्वस्तातलं आहे हे खरं. माझ्याकडे नाना पेठेतला तुकडा होता, कापायला विळी घेतली आणि अर्ध्या तासात काम संपलं. पण किलोमीटरचा तो आकडा पळणाऱ्या गाडीचा. अठ्ठावीस वर्षांचं रबर किलोमीटर मोजत बसत नाही. कुणाकडे कार्बोरेटरची गाडी असेल आणि या लेखातलं एकच काम करायचं असेल तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा बदला, चांगला दिसणारासुद्धा. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीला विसरू नका, मी विसरलो होतो.

हात धुतले तरी वास जाईना, तसाच वेतोबाला गेलो. आरवलीचा वेतोबा रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात, आणि केळ्यांचे घड. देवळात त्या चपलांची रांग बघत बाबा म्हणाले, "याला बरं, झिजलं की लोक नवीन आणून देतात." पाइपचं बिल मी भरलं होतं, पण बोललो नाही.

दिवस सहावा : एका दमात पुणे

पहाटे पाचला निघालो. आंबोली चढताना बाबांनी खिडकीची काच खाली घेतली आणि कान बाहेर. दुसरा, तिसरा, परत दुसरा. आचका एकही नाही.

आजऱ्यात न्याहारीला थांबलो आणि पाऊण तासानं गाडी सुरू होईना. इंजिन तापलेलं, पंपात पेट्रोलची वाफ धरलेली. जुना उपाय, बॉनेट उघडं टाकून पंपावर ओलं फडकं. बाबा लगेच, "बघ, तुझं इथेनॉल." मी डायरी मागितली. वीस मिनिटं थांबायचंच होतं, पानं चाळत बसलो आणि सापडलं. मे २००३, कडेला बारीक अक्षरात, त्यांच्याच हातचं : निपाणी, गाडी तापली, ओलं फडकं. वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मे महिना होता तो." फडक्यातून वाफ येईनाशी झाली आणि गाडी पहिल्या फटक्याला सुरू.

पुढचा रस्ता म्हणजे नुसता हायवे. परतीला खंबाटकीचा बोगदा असल्यानं तो घाटही लागला नाही. कात्रजला शेवटचं भरलं, आरवलीपासून ४०५ किलोमीटर, दोन वेळा मिळून २४.१ लिटर. १६.८. शिरोड्याचं धरून जेट बदलल्यानंतरचं एकूण १६.९. म्हणजे २०१९ च्या मानानं साडेपाच टक्के कमी, ऊर्जेचा हिशोब जे सांगत होता जवळपास तेवढंच. पातळ मिश्रणाचा आणि घाण फिल्टरचा वाटा गेला, उरला तो इथेनॉलचा, तो कुठल्याही मिस्त्रीकडे कमी होणार नाही. हजार किलोमीटरला तीन-सव्वातीन लिटर जास्त, आजच्या भावानं साडेतीनशेच्या घरात. बाबांनी हा आकडा लिहिला आणि मागच्या पानावरच्या मामाच्या ३५५ कडे एकदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा फिल्टर काढला. गॅलरीत वर्तमानपत्रावर दोन्ही शेजारी ठेवले, एक काळा, एक फिकट चहाच्या रंगाचा. तिसरा, पांढरा, बसवला. टाकी काठोकाठ भरून ठेवली आहे, रिकाम्या जागेत ओल धरते म्हणून, आणि दर रविवारी गाडी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायची असं ठरलंय.

संध्याकाळी बाबांनी डायरी मिटली, परत उघडली.

"अक्कलकोट जाऊन-येऊन किती होतं रे?"